सीडी एक, वाचणारे तीन

जुन्या सर्व्हरवर सीडीवरून ऑपरेटिंग सिस्टिम चढवताना जे संदेश भेटतात, त्यांतला एक मला आजही सर्वांत विनोदी वाटतो. सर्व्हर सुरू होतो, सीडी ड्राइव्ह घरघरू लागतो, स्क्रीनवर डेबियन या लिनक्स सिस्टिमचा स्वागताचा मजकूर येतो, भाषा निवडून होते, कीबोर्डची मांडणी निवडून होते, आणि मग इन्स्टॉलर अत्यंत सभ्यपणे कळवतो की या यंत्रात नेहमीच्या प्रकारचा सीडी ड्राइव्ह आढळला नाही, तेव्हा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा छोटा प्रोग्रॅम, फ्लॉपीवर वगैरे असल्यास द्यावा. ज्या ड्राइव्हमधल्या सीडीवरून हे महाशय दोन मिनिटांपूर्वी स्वतः आले, त्याच ड्राइव्हचे अस्तित्व ते नाकारत असतात. विंडोज सर्व्हर २००८ चा इन्स्टॉलरही याच मुक्कामावर असेच काहीतरी म्हणतो. फक्त त्याच्या बोलण्यात सीडी-डीव्हीडीचा आवश्यक ड्रायव्हर मिळत नसल्याची तक्रार असते.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक विभागातल्या प्रयोगशाळा सांभाळतो. अशा ठिकाणी नवे सर्व्हर क्वचित येतात, जुने मात्र येतच राहतात. एखादी कंपनी आपली सर्व्हर रूम गुंडाळते, एखादी पतसंस्था नवी प्रणाली घेते, आणि निर्लेखित झालेली यंत्रे ‘मुलांना शिकायला होतील’ म्हणून टेम्पोतून आमच्या दारात उतरतात. त्यांच्या हार्ड डिस्क पुसलेल्या असतात, हे योग्यच आहे. पण त्यामुळे पहिले काम सिस्टिम चढवण्याचे असते. २००३ ते २००६ च्या सुमाराच्या या यंत्रांना यूएसबीची भोके असतात, तरी त्यांतल्या अनेकांचा बायॉस, म्हणजे यंत्र सुरू होताच चालणारा त्याच्या आतला प्रोग्रॅम, पेनड्राइव्हवरून बूट व्हायला तयार नसतो. म्हणून मग कपाटातला कोऱ्या सीडींचा डबा बाहेर निघतो. आजच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी सीडी स्वतः कधी लिहिलेली नसते. त्यामुळे हा डबा उघडला की थोडी गर्दी जमते.

वरच्या संदेशाला हसून पुढे जाता येत नाही, कारण या कामातले बहुतेक तिढे त्यातूनच उलगडतात. वरवर पाहता एक सीडी आणि एक ड्राइव्ह असतो. प्रत्यक्षात तीच सीडी एकामागून एक तीन जण वाचतात. आधी बायॉस, मग सिस्टिम मेमरीत आणणारा बूटलोडर, शेवटी सिस्टिमचा गाभा असलेला कर्नल. तहसील कचेरीत एका टेबलाने मान्य केलेला कागद पुढचे टेबल नव्याने मागते, आणि तिसरे टेबल तर असा अर्ज आलाच नाही म्हणून सांगते, तसा हा कारभार आहे. पहिल्याने जे पाहिले त्याची खबर तिसऱ्याला नसते. त्यामुळे स्क्रीनवरचा संदेश आपल्याला काम कोणाच्या हातात असताना थांबले एवढेच सांगतो. दोष सीडीत आहे, ड्राइव्हमध्ये आहे की वाचणाऱ्यात, हे त्यावरून ठरवता येत नाही. मुलांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की हे वाक्य तिघांपैकी कोण बोलले?

पहिल्याचे वाचन अगदी मोजके असते. सीडीवरच्या मजकुराची मांडणी आयएसओ ९६६० या १९८८ च्या प्रमाणकाने ठरलेली असते. त्यानुसार पहिली सोळा सेक्टर, म्हणजे ठरावीक मापाचे ठोकळे, मोकळी सोडून सोळाव्या क्रमांकाच्या सेक्टरपासून डिस्कची ओळखपत्रे सुरू होतात. बूट करण्याची सोय मात्र मूळ प्रमाणकात स्पष्ट नव्हती. ती १९९५ च्या जानेवारीत फिनिक्स आणि आयबीएम यांनी मिळून ‘एल टोरिटो’ या नावाने आणली, आणि सतराव्या सेक्टरमध्ये बूटची नोंद ठेवण्याचा प्रघात पडला. तिच्यात आधी एक लबाडीचा मार्ग होता. सीडीवर फ्लॉपीची हुबेहूब प्रतिमा ठेवायची आणि बायॉसने आपण फ्लॉपीच वाचतो आहोत असे भासवायचे. दुसरा मार्ग कुठलेही सोंग न घेता थेट सीडी वाचण्याचा. ज्या बायॉसांची घडण पहिल्या मार्गावर झाली होती, त्यांतले काही दुसऱ्या मार्गाच्या सीडीपुढे नुसते गप्प बसत. लिनक्सच्या सीडींवर वर्षानुवर्षे चाललेला आयसोलिनक्स हा एच. पीटर ॲन्विन यांच्या सिसलिनक्स प्रकल्पातला बूटलोडर म्हणूनच फार सावध आहे. बायॉसने आपले सुरुवातीचे फक्त २०४८ बाइट उचलावेत, एवढीच त्याची अपेक्षा असते. कित्येक बायॉसांना त्याहून जास्त एका दमात उचलता येत नसे. उरलेला भाग तो बायॉसला विचारून विचारून स्वतः आणतो, त्याची बेरीज तपासतो आणि ती जुळली नाही तर ‘चेकसम एरर, सॉरी’ म्हणून थांबतो. त्या ‘सॉरी’बद्दल मला आदर आहे. त्याच्याइतके नेमके बोलणारे या साखळीत दुसरे कोणी नाही.

खरी गोची तिसऱ्याच्या हाती कारभार जाताना होते. कर्नल मेमरीत उतरतो, प्रोसेसरला संरक्षित अवस्थेत नेतो आणि त्या क्षणापासून बायॉसच्या वाचनसेवा त्याच्या उपयोगाच्या राहत नाहीत. आता सीडी ड्राइव्ह ज्या कंट्रोलरला जोडलेला आहे त्याचा स्वतःचा ड्रायव्हर हवा, आणि तो नसेल किंवा कंट्रोलरशी त्याचे जमत नसेल, तर कर्नलच्या दृष्टीने ड्राइव्ह नाहीच. इन्स्टॉलर खोटे बोलत नाही. तो ड्राइव्ह त्याला दिसलेला नसतो.

मागे आमच्याकडे आलेल्या एका दोन-यू, म्हणजे रॅकच्या दोन खणांच्या, उंचीच्या सर्व्हरने हा धडा फार सुबकपणे दाखवला. बायॉसला सीडी वाचता येत होती, पेनड्राइव्ह वाचता येत नव्हता. कर्नलला पेनड्राइव्ह लख्ख दिसत होता, सीडी दिसत नव्हती. म्हणजे दोघांना मिळून सगळे दिसत होते, पण एका वेळी एकालाच. यावरचा उपाय या मांडणीतूनच सुचतो. डेबियनच्या आयएसओ प्रतिमा, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमधली नक्कल, २०११ च्या सहाव्या आवृत्तीपासून सीडीवरही चालतात आणि जशाच्या तशा पेनड्राइव्हवर उतरवल्या तरी चालतात. तेव्हा एकच प्रतिमा दोन्हींवर उतरवली, सीडीवरून बूट केले, आणि इन्स्टॉलरने ड्राइव्ह नाही म्हणताच दुसऱ्या कन्सोलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या पडद्यावर, जाऊन पेनड्राइव्ह सीडीच्या जागी माउंट केला, म्हणजे जोडून दिला. पहिल्या कन्सोलवर परतल्यावर इन्स्टॉलर निमूटपणे पुढे चालू लागला. कर्नल आणि त्याचे सुरुवातीचे सामान सीडीवरून आले, बाकीची पॅकेजेस पेनड्राइव्हवरून, आणि सरमिसळ झाल्याचे कोणाला कळलेही नाही. अट एकच, दोन्हींवरची प्रतिमा तंतोतंत एक हवी; आवृत्ती थोडी जरी निराळी असली तरी कर्नल आणि त्याची मॉड्यूल (ड्रायव्हर वगैरेचे सुटे भाग) एकमेकांना ओळखत नाहीत.

अर्थात ड्राइव्ह दिसत नाही आणि ड्राइव्ह दिसतो पण वाचत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात कर्नलच्या नोंदी वाचण्याला पर्याय नाही. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये चौथ्या कन्सोलवर त्या सतत वाहत असतात. तिथे ‘मीडियम एरर’ दिसली, तर ड्राइव्ह सांगतो आहे की मी तिथपर्यंत पोहोचलो, लेसर टाकला, चूक-दुरुस्तीचे गणितही केले, पण मजकूर निघाला नाही. सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये २०४८ बाइट मजकुरामागे २७६ बाइट केवळ दुरुस्तीसाठी राखलेले असतात. तेही पुरले नाहीत असा त्याचा अर्थ. ‘नॉट रेडी’ असेल तर डिस्क बसली नाही किंवा फिरण्याचा वेग पकडला गेला नाही. आणि ड्राइव्ह काहीच न बोलता कर्नलच ‘टाइमआउट’ म्हणून वैतागत असेल, तर सीडी पुसत बसण्यात अर्थ नाही. केबल, कंट्रोलर किंवा डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मजकूर थेट मेमरीत नेण्याची सोय) यांच्याकडे वळावे. आयडीई या जुन्या जोडणीच्या कंट्रोलरवर सीडी ड्राइव्हची डीएमए बंद करून पाहणे हा उपाय पूर्वी जवळजवळ रूढीसारखा केला जाई. लिबाटा हा लिनक्समधला डिस्क-ड्रायव्हरांचा नवा संच आल्यानंतर तो अधिक नेमका झाला, कारण बूटच्या ओळीत त्याच्या डीएमएची किंमत १ दिली, की हार्ड डिस्कची डीएमए चालू राहते आणि फक्त सीडीची बंद होते. वेग मरतो, पण काम होते.

आता डिस्ककडे. घरी लिहिलेल्या सीडीबद्दल जितके ठाम सल्ले ऐकू येतात, तितके बहुधा लोणच्याबद्दलही ऐकू येत नसतील. सर्वांत प्रसिद्ध सल्ला म्हणजे शक्य तितक्या कमी वेगाने लिहा. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. अलीकडच्या कोऱ्या सीडींवरचा रंगद्रव्याचा थर चढ्या वेगांसाठी बनवलेला असतो आणि अगदी संथ लेखन त्याला मानवतेच असे नाही. मी मधला वेग धरतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डिस्क कोणती आहे. छापील सीडी लेसरचा साधारण ७० टक्के प्रकाश परत करते, पुनर्लेखनाची सीडी-आरडब्ल्यू त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. जुन्या ड्राइव्हला हा मंद परतावा जाणवतच नाही आणि तो ‘डिस्क नाही’ म्हणून मोकळा होतो. डीव्हीडीबाबत तर प्रश्न याच्याही आधी संपतो. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा. त्या काळच्या अनेक सर्व्हरमधला ड्राइव्ह निव्वळ सीडीचा असे, आणि त्याच्या दर्शनी पट्टीवरची खूण न पाहता डीव्हीडी घालणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. फिरण्याचा आवाज येतो, दिवा लुकलुकतो, आणि बायॉस हार्ड डिस्ककडे निघून जातो.

लेखनाच्या पद्धतीतला एक बारकावा मात्र मुक्काम करण्यासारखा आहे, कारण त्यापायी धडधाकट सीडी कचऱ्यात गेल्या आहेत. रेड हॅट आणि तिच्या घराण्यातल्या सेंटओएस, फेडोरा यांच्या इन्स्टॉलरमध्ये सुरुवातीलाच सीडी तपासून घेण्याची सोय असते. आयएसओमध्येच एक एमडी५ बेरीज, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, दडवलेली असते. इन्स्टॉलर सगळी सीडी वाचून बेरीज करतो आणि ती जुळते का पाहतो. एकेकाळी ही तपासणी ९० टक्क्यांच्या पुढे जाऊन हमखास कोसळत असे. ‘ट्रॅक ॲट वन्स’ पद्धतीने लिहिताना ट्रॅक संपला की लेसर बंद होतो आणि शेवटी दोन सेक्टर असे उरतात की जे ड्राइव्ह लांबीत मोजतो पण वाचू शकत नाही. लिनक्सचा कर्नल वाचताना थोडे पुढचेही आगाऊ मागवून ठेवतो. मजकुराच्या टोकाशी आला, की तो या दोन पोकळ सेक्टरांवर हात घालतो, वाचन फसते, आणि त्यांच्यासोबत एकाच मागणीत मागवलेले शेवटचे खरे सेक्टरही बुडतात. सीडीवरचा एकही बाइट चुकलेला नसताना निकाल नापास. उपाय अगदी साधा निघाला. प्रतिमेच्या मागे १५० सेक्टर शून्ये भरायची, म्हणजे सेकंदाला ७५ सेक्टर या मूळ वेगाने दोन सेकंदांची, किंवा ३०० केबीची शेपटी. आगाऊ मागणी त्या शेपटीत विरते. अख्खी डिस्क एका दमात लिहिणाऱ्या ‘डिस्क ॲट वन्स’ने लिहिले तर ते पोकळ सेक्टर निर्माणच होत नाहीत. सीडी दुसऱ्या यंत्रावर तपासायची असेल तेव्हाही हाच विचार उपयोगी पडतो: आयएसओ फाइलमध्ये २०४८ बाइटचे जितके ठोकळे आहेत तितकेच सीडीवरून वाचायचे आणि तेवढ्याची बेरीज ताडून पाहायची. ड्राइव्ह सांगेल ती लांबी प्रमाण मानायची नाही.

आणि तरीही, हे सगळे बरोबर असताना सीडी वाचली जात नाही, असे होते. प्रयोगशाळेतले मामा एकदा वैतागून म्हणाले, “सर, सीडी आत घेतोय, दोनदा घरघरतोय आणि गप्प बसतोय. दुसरी दिली तरी तेच.” सर्व्हरमधला बारीक उंचीचा ड्राइव्ह लॅपटॉपच्या जातीचा असतो, त्याचा लेसर ट्रेसोबतच बाहेर येतो. ट्रे उघडेना म्हणून सरळ केलेली यू-पिन समोरच्या छिद्रात घालून तो काढला, तर भिंगावर राखाडी धुळीची एक साय होती, आणि तिच्यात एक केस अडकलेला. हे सर्व्हरच्याच रचनेमुळे होते. त्याचे पंखे समोरून हवा ओढून मागे फेकतात, आणि ट्रेच्या भोवतीची फटही त्या ओढीतून सुटत नाही. हार्ड डिस्क अहोरात्र काम करते; सीडी ड्राइव्ह मात्र खरेदीच्या आठवड्यात एकदा चालतो आणि मग वर्षानुवर्षे नुसती हवा पीत बसतो. ज्या दिवशी त्याची गरज पडते, तो दिवस बहुधा संकटाचाच असतो. कापसाची काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब आणि हलका हात एवढ्याने त्या ड्राइव्हची दृष्टी परत आली. सगळ्यांची येत नाही. तेव्हा पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड ही आमची दवाखान्यांची नावे.

फ्लॉपीचा उल्लेख वर दोनदा आला, आणि विंडोज सर्व्हर २००३ चढवलेल्या कोणाही माणसाला तो टाळता येणार नाही. त्या इन्स्टॉलरच्या निळ्या स्क्रीनवर अगदी सुरुवातीला, खालच्या ओळीत, स्कझी किंवा रेडचा (सर्व्हरच्या हार्ड डिस्क जोडण्याच्या पद्धतींचा) वेगळा ड्रायव्हर द्यायचा असल्यास एफ६ दाबा अशी सूचना काही क्षण येऊन जाई. ती हुकली, की बऱ्याच वेळाने कळे की या यंत्रात हार्ड डिस्कच नाहीत. एफ६ दाबले तरी ड्रायव्हर घेण्याची जागा एकच, ए ड्राइव्ह, म्हणजे फ्लॉपी. ज्या सर्व्हरमधून फ्लॉपी ड्राइव्ह हद्दपार झाला होता त्यावर यूएसबी फ्लॉपी जोडावी, तर इन्स्टॉलरला ठरावीक मॉडेलच पसंत पडत. शेवटी ड्रायव्हर आतच मिसळून नवी सीडी तयार करणे हा राजमार्ग ठरला. पण तसे करताना पुष्कळ जण मूळ सीडीवरच्या फाइली निवडून नव्या सीडीवर चिकटवत. सतराव्या सेक्टरमधली बूटची नोंद आणि ती दाखवते तो बूट सेक्टर फाइलींच्या यादीत दिसतच नाही, त्यामुळे ती सीडी वाचायला उत्तम आणि बूट व्हायला निरुपयोगी निघे. इथेही रीस्टार्टची किंमत मोजावी लागे. मेमरीची मोजणी, रेड कंट्रोलरचा बायॉस, मग नेटवर्क कार्डाचा. पाच-सात मिनिटे सहज जात, आणि त्या वेळात प्रत्येकजण एक नवा सिद्धांत मांडी.

पीसीच्या जगाबाहेर हीच गोष्ट वेगळ्या वेषात भेटते. सन या कंपनीच्या स्पार्क प्रोसेसरवरच्या जुन्या यंत्रांमध्ये बायॉसऐवजी ओपनबूट असे आणि त्याच्या ‘ओके’ या संकेतापुढे ‘बूट सीडीरॉम’ एवढे टाइप करायचे असे. परंतु ते फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेला प्रोग्रॅम, सीडीलाही हार्ड डिस्कच्याच मापाने, ५१२ बाइटच्या ठोकळ्यांनी वाचू पाहत असे, तर बाजारातले स्कझी ड्राइव्ह २०४८ चे ठोकळे देत. मग डिस्कच्या लेबलमधला जादूचा आकडा चुकीचा आहे अशी तक्रार येई, आणि माणूस सीडी बदलत बसे. चुकीचे काहीच नसे. दोघांच्या मोजपट्ट्या निराळ्या असत. सन स्वतः जे तोशिबाचे ड्राइव्ह देत असे ते या ५१२ बाइटच्या मापात बोलू शकत, आणि प्लेक्स्टरच्या काही ड्राइव्हना त्यासाठी मागच्या बाजूला चक्क जंपर असे. कर्नल चढल्यावर पुन्हा तीच सीडी २०४८ च्या मापाने नीट वाचता येते, म्हणजे इथेही पहिला आणि तिसरा वाचक यांचे आपसात पटत नाही.

थोड्या नव्या यंत्रांत सीडीला हात न लावता दूरवरच्या लॅपटॉपमधली आयएसओ नेटवर्कवरून ‘घालता’ येते. ही सोय लाखमोलाची आहे, पण बरेचदा ती यंत्राला यूएसबीवर जोडलेला सीडी ड्राइव्ह म्हणून दिसते, आणि ज्या जुन्या इन्स्टॉलरला यूएसबीवरची सीडी माहीत नाही, तो बूट झाल्यावर पुन्हा तेच वाक्य ऐकवतो.

पेनड्राइव्हच्या आधाराने चढलेल्या त्या दोन-यू सर्व्हरचे एक प्रकरण शिल्लक होते. त्याच्या नेटवर्क कार्डाची चिप ब्रॉडकॉमची, आणि तिला चालायला लागणारे फर्मवेअर मुक्त परवान्याचे नसल्यामुळे डेबियनने ते इन्स्टॉलरमधून वेगळे काढलेले होते. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते पुन्हा सोबत मिळू लागले, पण आम्ही चढवत होतो ती आवृत्ती त्याआधीची. नेटवर्कसाठी फर्मवेअर हवे आणि फर्मवेअर आणायला नेटवर्क हवे, असा पेच. म्हणून नेटवर्क बाजूला ठेवून इन्स्टॉलेशन पूर्ण केले, फर्मवेअरचे पॅकेज दुसऱ्या पेनड्राइव्हवरून आत नेले आणि कार्डाचा हिरवा दिवा लागला. त्यानंतर टेक्स्ट एडिटरसारखे काहीतरी किरकोळ पॅकेज मागितले, तर एपीटीने, म्हणजे डेबियनच्या पॅकेजेस आणणाऱ्या साधनाने, सांगितले की डेबियनची अमुक नावाची डिस्क ड्राइव्हमध्ये घाला आणि एंटर दाबा. नेटवर्क नसताना झालेल्या इन्स्टॉलेशनमध्ये पॅकेजेसचा स्रोत म्हणून फक्त सीडीचीच नोंद होते, आणि ती नोंद तशीच राहिली होती. कर्नलला मुळात न दिसणारा ड्राइव्हच आता त्याचे एकमेव दुकान होता. स्रोतांच्या यादीत त्या ओळीपुढे हॅशचे चिन्ह टाकून ती निष्क्रिय केली, खाली मिररची, म्हणजे इंटरनेटवरच्या पॅकेजेसच्या साठ्याची, ओळ लिहिली, यादी ताजी केली आणि सीडी काढून डब्यात ठेवून दिली.